‘टॅप किती?’

प्रस्तावना

सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये दर तासाला लॉगशीट भरली जाते. बसचे व्होल्टेज, फीडरचे अँपिअर, मेगावॉट, तेलाचे आणि वाइंडिंगचे तापमान असे एकेक रकाने भरत यंत्रचालक एका चिंचोळ्या रकान्याशी येतो आणि तिथे एक छोटा आकडा लिहितो : ५, किंवा ७, किंवा ९. रकान्याच्या माथ्यावर लिहिलेले असते ‘टॅप’. व्होल्टेज पडल्याची तक्रार आली, वरून फोन आला, की पहिल्या दोन-तीन प्रश्नांत हा प्रश्न हमखास असतो : “टॅप किती?”

हे पुस्तक त्या एका प्रश्नाविषयी आहे. ट्रान्सफॉर्मरचा टॅप म्हणजे नेमके काय, तो एका घराने सरकवला की जाळ्यात कुठे कुठे काय हलते, आणि संगणकावर लोड फ्लो चालवताना तो आकडा मॉडेलमध्ये कसा मांडायचा, एवढाच याचा आवाका आहे. विषय छोटा वाटेल. पण माझ्या पाहण्यातले जे अभ्यास फसले, त्यांत समीकरणे चुकलेली क्वचितच होती. बहुतेक वेळा कुणीतरी टॅप चुकीचा धरला होता, उलट्या बाजूला धरला होता, किंवा धरलाच नव्हता. विद्यार्थ्यांना लोड फ्लो शिकवताना लाइनच्या मॉडेलवर आपण आठवडा घालवतो आणि टॅप दोन वाक्यांत उरकतो. त्या दोन वाक्यांची भरपाई करावी म्हणून हे लिहिले.

उदाहरणे मुद्दाम महाबळेश्वर ते सांगली या पट्ट्यातली घेतली आहेत. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्या एका गोमुखातून प्रकटतात अशी श्रद्धा आहे. सावित्री घाट उतरून महाडकडे जाते. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते. कोयना दक्षिणेला वळते, धरणामागच्या शिवसागरात थांबते आणि पुढे कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते. तिचे बरेचसे पाणी मात्र संगमापर्यंत पोचतच नाही. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पश्चिमेला उतरते, पोफळीची जनित्रे फिरवते आणि वाशिष्ठीला जाऊन मिळते. १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज मिळू लागली. आज सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट आहे आणि त्यातले १,००० मेगावॉट एकट्या चौथ्या टप्प्याचे आहेत. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे ही यंत्रे दिवसरात्र एकसारखी फिरत नाहीत. मागणी चढते तेव्हा ती लागतात, उतरते तेव्हा थांबतात. जनित्र मेगावॉट देते तसे आसपासच्या जाळ्याला एमव्हारही, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरही देते. ते थांबले की तो आधार जातो आणि व्होल्टेजची सगळी घडी बदलते.

दुसऱ्या टोकाला कृष्णाकाठ आहे. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजना नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने चढवून तासगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या कोरड्या तालुक्यांपर्यंत नेतात. त्यांचे पंप मोठ्या मोटारींवर चालतात, आणि त्याच जाळ्यावर गावोगावच्या शेतीपंपांची लहान मोटारींची दाटी आहे. मधल्या पठारांवर, पाटण तालुक्यात वनकुसवड्याला आणि साताऱ्याजवळ चाळकेवाडीला, पवनचक्क्या आहेत. आणि या सगळ्याच्या माथ्यावर सुमारे १,३५० मीटर उंचीवर महाबळेश्वर आहे. तिथली वीज घाट चढून येते, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलते, आणि तिची मागणी पर्यटकांच्या पावलांनी वाढते-घटते.

आता याच जाळ्याकडे तीन वेळा पाहा. मे महिन्याची संध्याकाळ : हॉटेलांत एकही खोली रिकामी नाही, खाली शेतीपंप चालू आहेत, कोयनेची यंत्रे लागली आहेत. जुलैची मध्यरात्र : महाबळेश्वर धुक्यात बंद आहे, शेतीपंप थंडावले आहेत, पठारावर वारा सुटला आहे, लांब लाइनींवर लोड नाही आणि व्होल्टेज वर चढू पाहते आहे. फेब्रुवारीची दुपार : उसाला पाणी चालू आहे, वारा पडलेला आहे, कोयना संध्याकाळसाठी पाणी राखून थांबली आहे. तिन्ही वेळी तारा त्याच आणि ट्रान्सफॉर्मर तेच. बदलतात ती जनित्रे, लोड आणि टॅप. पहिल्या दोन गोष्टी प्रत्येक अभ्यासक काळजीने बदलतो. तिसरी तशीच राहून जाते.

टॅप म्हणजे काय ते आधी साध्या शब्दांत सांगतो. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगांतल्या वेढ्यांचे जे प्रमाण, तेच दोन बाजूंच्या व्होल्टेजचे प्रमाण. एका वाइंडिंगवर, बहुधा हाय व्होल्टेजच्या बाजूला, ठरावीक अंतराने जोड बाहेर काढून ठेवलेले असतात. कोणता जोड वापरायचा ते बदलले की वेढे कमी-जास्त होतात आणि प्रमाण बदलते. हाय व्होल्टेजची बाजू निवडण्यामागे कारण आहे : तिथे करंट कमी असतो, त्यामुळे स्विच झीज कमी सोसतो, आणि वेढे जास्त असल्याने बारीक पायऱ्या पाडता येतात.

आपल्याकडच्या १३२/३३ केव्ही ट्रान्सफॉर्मरवर नेहमी आढळणारी रचना घ्या. १७ टॅप, प्रत्येक पायरी १.२५ टक्क्यांची. टॅप १ म्हणजे ५ टक्के अधिक, टॅप ५ म्हणजे बरोबर १३२ केव्ही, टॅप १७ म्हणजे १५ टक्के उणे. समजा १३२ केव्हीच्या बसवर प्रत्यक्षात १२५ केव्हीच येत आहेत. टॅप ५ वर असेल तर, लोडमुळे होणारी घट बाजूला ठेवून, ३३ केव्हीच्या बाजूला ३१.२५ केव्ही मिळतील. टॅप ९ वर नेला की हाय व्होल्टेजचे वेढे ५ टक्क्यांनी कमी झाले, १३२ च्या जागी १२५.४ आले, आणि खाली ३२.८९ केव्ही मिळाले. चार पायऱ्यांनी दीड केव्हीहून अधिक फरक पडला. गावातल्या ज्या शेतकऱ्याची मोटार ‘उचलत नाही’ आणि मग जळते, त्याचे सगळे नशीब या दीड केव्हीत असू शकते. व्होल्टेज पडले तरी मोटारीला पाणी तेवढेच उपसायचे असते, म्हणून ती जास्त करंट ओढते आणि तापते.

टॅप बदलण्याच्या दोन तऱ्हा आहेत. लहान ट्रान्सफॉर्मरवर तो पुरवठा बंद करूनच बदलायचा : पिन काढायची, हँडल फिरवायचे, पिन परत बसवायची. असा टॅप वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. मोठ्यांवर चालू लोडवर बदलणारा ओएलटीसी असतो. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत बर्नहार्ड यान्सेन यांनी त्याची जलद, रोध वापरणारी रचना सिद्ध केली आणि आजही जगभर तेच तत्त्व चालते. कंट्रोल रूममधल्या आरटीसीसी (टॅप दुरून हलवण्याच्या) पॅनेलवर ‘रेज’चे बटण दाबा आणि यार्डात ट्रान्सफॉर्मरजवळ उभे राहा. आधी ड्राइव्हची मोटार घरघरते. आत स्प्रिंग ताणली जाते. मग टाकीतून एक दबका ‘खट्’ येतो. तेवढ्या निमिषात डायव्हर्टर स्विचने करंट एका जोडावरून दुसऱ्यावर नेलेला असतो आणि मधल्या क्षणी दोन जोडांमध्ये फिरू पाहणारा करंट रोधांनी आवरलेला असतो. ड्राइव्हच्या पेटीतला काटा एक घर पुढे सरकतो, काउंटरवर एक आकडा वाढतो. कुणाच्या घरातला दिवा लुकलुकलासुद्धा नसतो.

आता संगणकाकडे येऊ. लोड फ्लो म्हणजे जाळ्याच्या एका क्षणाचा हिशेब. कुठे किती वीज निर्माण होते आणि कुठे किती लागते हे दिले, की प्रत्येक बसवर व्होल्टेज किती आणि प्रत्येक लाइनमधून प्रवाह किती ते काढायचे. संगणकाच्या आधी यासाठी खोलीभर पसरलेले नेटवर्क अ‍ॅनलायझर असत. त्यांत छोटे रोध, कॉइल आणि कपॅसिटर जोडून जाळ्याची प्रतिकृतीच उभी करत आणि मीटर वाचत. १९५६ साली वॉर्ड आणि हेल यांनी डिजिटल संगणकावर हा हिशेब कसा करायचा ते मांडले. १९६७ च्या अखेरीस, कोयनेचा भूकंप झाला त्याच सुमारास, टिन्नी आणि हार्ट यांचा न्यूटन पद्धतीवरचा निबंध आला, आणि जाळे हजार बसचे असले तरी उत्तर मोजक्या फेऱ्यांत मिळू लागले. १९७१ साली पीटरसन आणि मायर यांनी त्याच न्यूटन पद्धतीत टॅप आपोआप जुळवण्याची रीत दिली. १९७४ साली स्टॉट आणि अल्साक यांनी न्यूटन पद्धतीचे आणखी वेगवान रूप दिले. आज सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर जो लोड फ्लो चालवतो, त्याच्या पोटात हीच समीकरणे आहेत.

या समीकरणांत टॅप कसा शिरतो? ट्रान्सफॉर्मरचे आपण मनातल्या मनात दोन तुकडे करतो. एक आदर्श ट्रान्सफॉर्मर, ज्यात कसलीही घट नाही आणि जो केवळ प्रमाण बदलतो. आणि त्याच्या पाठोपाठ एक इम्पीडन्स. प्रमाणाला ‘ट’ म्हणू. टॅप ५ वर ट म्हणजे १, टॅप ९ वर ०.९५. अडचण अशी, की लोड फ्लोच्या प्रोग्रॅमला आदर्श ट्रान्सफॉर्मर ठाऊक नसतो. त्याला फक्त दोन बस जोडणाऱ्या शाखा आणि बसवरून जमिनीकडे जाणाऱ्या शाखा कळतात. म्हणून आपण त्या जोडीचे रूपांतर तीन शाखांच्या पाय (π) आकृतीत करतो. मधल्या शाखेत मूळ अ‍ॅडमिटन्स भागिले ट. टॅपच्या बाजूच्या जमिनीकडील शाखेत मूळ अ‍ॅडमिटन्स गुणिले (१ – ट), भागिले ट वर्ग. दुसऱ्या बाजूच्या शाखेत मूळ अ‍ॅडमिटन्स गुणिले (ट – १), भागिले ट. ट बरोबर १ असेल तर जमिनीकडच्या दोन्ही शाखा नाहीशा होतात आणि ट्रान्सफॉर्मर साध्या लाइनसारखा दिसतो.

सूत्र पाठ करून हा विषय कळत नाही, म्हणून त्यात आकडे घालून पाहू. ट्रान्सफॉर्मर २५ एमव्हीएचा, इम्पीडन्स १० टक्के, ट ०.९५. रोध सोडून दिला तर खालच्या, म्हणजे ३३ केव्हीच्या बाजूच्या शाखेची किंमत येते सुमारे १३ एमव्हारच्या कपॅसिटरइतकी. वरच्या, १३२ केव्हीच्या बाजूची येते जवळजवळ १४ एमव्हारच्या रिअ‍ॅक्टरइतकी. यार्डात शोधायला गेलात तर हा कपॅसिटर आणि हा रिअ‍ॅक्टर सापडणार नाहीत. ते हिशेबापुरते आहेत. पण टॅप काय करतो ते या दोघांइतके स्पष्ट दुसरे कुणीच सांगत नाही. खाली व्होल्टेज उचलायला जणू कपॅसिटर बसवला, आणि त्याची किंमत वरच्या बसवर रिअ‍ॅक्टर टाकून वसूल केली.

या पुस्तकातून वाचकाने एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ती ही : टॅप व्होल्टेज उसने आणतो. तो एकही एमव्हार निर्माण करत नाही. खालच्या बसला जे दिले ते वरच्या बसकडून घेतलेले असते. वरची बस कोयनेसारख्या जनित्राच्या जवळ असेल, तिच्यापाशी भरपूर राखीव असेल, तर उसनवारी पचते. ती स्वतःच लांब लाइनीच्या टोकाला धापा टाकत असेल, तर खालचे व्होल्टेज उचलताना वरचे आणखी खचते. मग शेजारच्या सबस्टेशनचे व्होल्टेज पडते, तिथला यंत्रचालकही ‘रेज’ दाबतो, आणि वरची बस आणखी खाली जाते. प्रत्येक जण आपापल्या बसपुरते बरोबर वागत असतो आणि सगळे मिळून जाळ्याला खाईकडे नेत असतात.

हे नुसते कागदावरचे भय नाही. २७ डिसेंबर १९८३ रोजी स्वीडनमध्ये एका सबस्टेशनमधल्या बिघाडाने सुरुवात झाली. लाइनी गेल्या, दक्षिणेकडे व्होल्टेज पडले. व्होल्टेज पडले की लोडही थोडे कमी होते आणि जाळ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. पण टॅप चेंजरनी आपले काम चोख केले : खालचे व्होल्टेज परत वर आणले, त्याबरोबर लोड परत आले, उरलेल्या लाइनींवरचा ताण वाढला, आणि एका मिनिटाच्या आत दक्षिण स्वीडन अंधारात गेले. २३ जुलै १९८७ च्या कडक उन्हाळ्यात टोकियोत दुपारच्या सुट्टीनंतर मागणी इतक्या वेगाने चढली, की सगळे कपॅसिटर लावूनही व्होल्टेज सावरले नाही. या घटनांनंतर जगभर व्होल्टेज कोसळण्याचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला आणि वरचे व्होल्टेज फार पडले की टॅप जागीच रोखून धरायचे, ही रीत रुळली. म्हणून अभ्यासकाने प्रत्येक केस दोनदा चालवावी असे मी सांगतो : एकदा टॅप मोकळे सोडून, एकदा जागी खिळवून. पहिली केस बिघाडानंतर काही मिनिटांनी जाळे कुठे स्थिरावेल ते दाखवते, दुसरी बिघाडानंतरच्या पहिल्या काही सेकंदांतली स्थिती दाखवते. आपण बहुतेक जण पहिलीच पाहून समाधानी होतो.

आता मॉडेलमध्ये होणाऱ्या चुकांविषयी. पुस्तकाचा निम्मा भाग त्यांनाच दिला आहे, इथे मुख्य तेवढ्या सांगतो.

पहिली चूक बाजूची. वरच्याच उदाहरणात ०.९५ हा आकडा चुकून ३३ केव्हीच्या बाजूला पडला, तर मॉडेल ३२.८९ ऐवजी ३१.२५ च्या ९५ टक्के, म्हणजे २९.६९ केव्ही दाखवील. मीटर निरोगी व्होल्टेज दाखवतो आहे आणि अहवाल कपॅसिटर बँक विकत घ्यायला सांगतो आहे, अशी अवस्था मी पाहिली आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत वेगळी असते. मॅटपॉवरमध्ये टॅप ‘फ्रॉम’ बसच्या बाजूला मानतात, आणि प्रमाणाच्या जागी शून्य लिहिले तर ते १ धरले जाते. पांडापॉवर प्रमाण न मागता टॅपचा क्रमांक, मधला टॅप, पायरीचे टक्के आणि बाजू मागतो. एकाचा डेटा दुसऱ्यात ओतताना इथेच घात होतो.

दुसरी चूक बेसची. आपल्या ११ केव्हीच्या डीपीवर प्लेट वाचली तर लिहिलेले असते ११/०.४३३ केव्ही. मॉडेलमध्ये मात्र लघुदाब बसचा बेस ०.४१५ धरला जातो. म्हणजे मधल्या टॅपवरसुद्धा खालचे व्होल्टेज ४ टक्क्यांहून थोडे अधिक वर असते आणि ट १ नसतो. ग्राहकाला द्यायच्या व्होल्टेजची मर्यादाच मुळी अधिक-उणे ६ टक्के. त्यातले ४ टक्के असे नकळत हरवले, तर अहवालाला अर्थ काय राहिला?

तिसरी चूक समांतर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची. दोन सारखे ट्रान्सफॉर्मर, दोघांचे इम्पीडन्स १० टक्के, आणि टॅपमध्ये दोन पायऱ्यांचा, म्हणजे २.५ टक्क्यांचा फरक. दोघांमध्ये रेटिंगच्या साडेबारा टक्के करंट नुसता गोल फिरत राहतो. कुणाच्या उपयोगाचा नसलेला हा करंट तांबे तापवतो. मॉडेलमध्ये दोघांना मिळून एकच ट्रान्सफॉर्मर दाखवला, तर तो कधीच दिसणार नाही.

चौथी चूक टॅपला गुळगुळीत मानण्याची. न्यूटन पद्धतीत टॅप आपोआप बदलू दिला तर त्या बसचे व्होल्टेज ठरलेले धरतात आणि त्याच्या जागी ट अज्ञात होतो. उत्तर येते ०.९५८३. असा टॅप अस्तित्वात नसतो. ते जवळच्या पायरीवर आणून हिशेब पुन्हा करावा लागतो, १ आणि १७ या टोकांशी टॅप थांबतो हे पाहावे लागते, आणि टॅप आपोआप हलवणाऱ्या रिलेची मोकळी पट्टी एका पायरीपेक्षा रुंद ठेवावी लागते. तसे केले नाही तर टॅप वर-खाली, वर-खाली करत राहतो. संगणकावर तेव्हा उत्तर जुळत नाही. यार्डात टॅप चेंजर झिजतो.

आणि पाचवी, सगळ्यात साधी आणि सगळ्यात महागडी : मॉडेलमधला आकडा आणि यार्डातला आकडा वेगळा असणे. सातारा जिल्ह्यातल्या एका सबस्टेशनचा अभ्यास आम्ही करत होतो. जुलैचा महिना, लोड फारच कमी. वर १२५ केव्ही, लॉगशीटमध्ये टॅप ७. हिशेबाने खाली ३२ केव्हीच्या आसपास यायला हवे होते. मीटर ३२.९ दाखवत होता. लाइनीचे इम्पीडन्स तपासले, मीटरचे पीटी तपासले, लोडचा पॉवर फॅक्टर बदलून पाहिला. दोन दिवस गेले. शेवटी चहाच्या वेळी यंत्रचालक म्हणाला, “साहेब, पॅनेलवरचा काटा कधीकधी अडकतो. खात्री करायची तर यार्डात जाऊन बघायला लागतं.” छत्री घेऊन आम्ही गेलो. धुके इतके होते की ट्रान्सफॉर्मर हाताच्या अंतरावर आल्यावर दिसला. ड्राइव्हच्या पेटीच्या काचेवर आतून-बाहेरून वाफ धरली होती. त्याने बाहीने काच पुसली, बॅटरीचा झोत टाकला. आत काटा ९ वर होता. मॉडेलमध्ये ७ चा ९ केला, आणि दोन दिवस न जुळलेला हिशेब एका फेरीत जुळला. त्या माणसाने लोड फ्लो हा शब्द कधी ऐकला नव्हता. पण आमच्या अभ्यासात जे नव्हते ते त्याच्यापाशी होते.

पुढच्या काळात हे सगळे आणखी महत्त्वाचे होणार आहे. वनकुसवड्याच्या जुन्या पवनचक्क्यांतली इंडक्शन जनित्रे मेगावॉट देताना जाळ्यातून एमव्हार ओढतात, म्हणजे वारा जोरात असतानाच वरच्या बसवर उसनवारीचा भार वाढतो. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेपासून शेतीच्या फीडरजवळच सौर प्रकल्प उभे राहत आहेत. जिथे वीज नेहमी वरून खाली जायची, तिथे भर दुपारी ती खालून वर चढू लागते. सकाळी व्होल्टेज उचलण्यासाठी ठेवलेला टॅप दुपारी तेच व्होल्टेज मर्यादेबाहेर नेऊ शकतो. सगळ्या दिवसासाठी एक टॅप धरून केलेला अभ्यास अशा फीडरवर निरुपयोगी आहे. निदान सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असे तीन हिशेब हवेत, आणि प्रत्येकात टॅपचा आकडा नव्याने विचारून घातलेला हवा.

पुस्तकाची मांडणी सोपी आहे. पहिल्या भागात ट्रान्सफॉर्मर आणि टॅप चेंजर, दुसऱ्या भागात पाय आकृती आणि तिची सिद्धता, तिसऱ्या भागात न्यूटन पद्धतीत टॅप बसवण्याच्या रीती, चौथ्या भागात चुका आणि त्या पकडण्याच्या युक्त्या. पाचव्या भागात एक छोटे जाळे हाताने सोडवले आहे : डोंगरावरचे एक गाव, पायथ्याचे एक सबस्टेशन, नदीकाठचे पंप आणि एक जलविद्युत केंद्र. ते काल्पनिक आहे, पण या मुलखातल्या वाचकाला ओळखीचे वाटेल. कॅल्क्युलेटर घेऊन ते एकदा तरी सोडवावे. जाळ्यात कुणाची वीज कुणाकडे गेली हे कुणालाच सांगता येत नाही, पण कुणाच्या टॅपने कुणाचे व्होल्टेज पडले हे सांगता येते, आणि ते हाताने काढून पाहिल्यावर मनात जसे बसते तसे पडद्यावर पाहून बसत नाही.

हे पुस्तक मराठीत का, असे विचारले गेले. सबस्टेशनमधले सगळे बोलणे मराठीत चालते. बिघाड मराठीत सांगितला जातो, त्यावरचा उपाय मराठीत ठरतो, आणि धुक्यात काच पुसणारा माणूस मराठीतच विचार करतो. अहवाल मात्र दुसऱ्या भाषेत लिहिला जातो, आणि ज्याला यार्ड माहीत आहे तो त्यातून बाहेर राहतो. टॅप, बस, फीडर हे शब्द आता मराठीच झाले आहेत, ते तसेच ठेवले आहेत. त्यांच्यामागचा विचार मराठीत उलगडावा एवढाच प्रयत्न आहे. रात्रपाळीत माझ्या प्रश्नांना कंटाळा न करता उत्तरे देणाऱ्या सगळ्या यंत्रचालकांचा मी ऋणी आहे.

विद्यार्थ्यांना आणि नव्या अभियंत्यांना शेवटी एकच विनंती. अभ्यास हाती आला की सॉफ्टवेअर उघडण्याआधी यार्डात जा. ड्राइव्हच्या पेटीसमोर उभे राहा, काच पुसा, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, आणि तारीख-वेळ घालून वहीत लिहा. मग पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडा.